सुमनची मोटारहोम

रविवार, संध्याकाळ

धाकटी बहीण सुमन आणि तिचे मिस्टर रमेशराव जुनी मोटारहोम घ्यायला निघालेत. आत पलंग, गॅसचा ओटा, सगळं घरच. आमच्या ह्यांना गाड्यांतलं कळतं, म्हणून आज आम्हीही पडेगावला बघायला गेलो. ह्यांनी पलंगावरची गादी उचलली, तर खालचं प्लायवूड ओलं. "छत गळतंय. लई काम निघंल," हे म्हणाले. मला बरं वाटलं. सख्ख्या बहिणीची गाडी, तरी बरं वाटलं. असं का व्हावं?

रमेशराव लगेच सुमनकडं वळले. "तू सांग, घ्यायची का?"

"छत करून घेऊ. पण घ्यायचीच," ती म्हणाली, अन् सौदा ठरला.

ते ओलं प्लायवूड मी तिथंच विसरले. 'तू सांग' तेवढं डोक्यात बसलंय. एवढ्या वर्षांत मला कुणी असं विचारलंय?

परतताना स्कूटरवर मी ह्यांना म्हणाले, "आपण कधी जायचं हो फिरायला?"

"जाऊ की. कुठं जावंसं वाटतं तुला?" ह्यांनी खरंच विचारलं.

मला एकाही गावाचं नाव सुचेना.