घोंगडी कुठं टाकायची

मंगळवार, सांजच्याला

आमी घरचे सगळे मामंजीला साधी कावीळ हाय म्हणत आलो, अन् इथं दवाखान्यात त्या केरळच्या डाक्टरीणबाईनं मोडक्या मराठीत तोंडावर सांगितलं, “बाबा, आता औषध लागू पडणार नाही.” असं पेशंटाला कुणी सांगतं का? मी भांडायलाच उठले.

म्हातारा हसला. “सूनबाई, मेंढीचं शेवटचं वळखतो मी, माझं न्हाई वळखणार? माझी घोंगडी खाली टाक. खाटेवर मरायचं न्हाई मला.”

आता बाई म्हणते, फरशी गार हाय, खाली नको. आमच्यात शेवटी जमिनीवरच घेतात, हे तिला का कळंना? पण सांगितलं तरी कुणी?

घोंगडी तशीच उशाला. ह्यांना म्हणलं, बाप तुमचा हाय. घरच्या जमिनीवर न्यायचा का न्हाई, गुरुवारपर्यंत जबाब द्या. न्हाईतर मी नेते.