पंपाचं पॅनेल खालीच बसणार

४ ऑगस्ट
आजपासून रागवायचं नाही, असा संकल्प. सांडपाण्याच्या भूमिगत पंप स्टेशनचं वायरिंग माझ्याकडे आलंय. अख्ख्या नोन्थाबुरी शहरात या कामाला माझ्याइतका लायक माणूस नाही.

७ ऑगस्ट
अडचण. विजेच्या पॅनेलची खोली खांबांवर उंच घेतली, तर तिची सावली जागेवाल्याच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, छोट्या देवळावर पडते. वस्तीतले लोक म्हणाले, चालणार नाही, कोप होईल. मी म्हटलं, काळजी सोडा. पॅनेल खाली खड्ड्यातच, पंपांच्या शेजारी! वायरसुद्धा कमी लागेल. हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही?

८ ऑगस्ट, सकाळ
का सुचलं नाही, ते प्रानीबाईंनी सांगितलं. सीनियर इंजिनियर, ड्रॉइंगवर सही त्यांचीच लागते. म्हणे, मैल्यातून गॅस निघतो, स्विचची एक ठिणगी पडली की झाकणासकट सगळं आकाशात. शिवाय पूर आला की पॅनेल पाण्यात. खोली दुसऱ्या बाजूला घ्या म्हणाल्या, सावलीचा प्रश्नच मिटेल. मिटेल हो, पण मग माझ्या कल्पनेचं काय? रागावलो. संकल्प उद्यापासून.

१५ ऑगस्ट
वॉटरप्रूफ डबा दाखवला. बाई म्हणाल्या, गॅसचं काय? पंखा दाखवला. म्हणाल्या, पंखा बंद पडला तर? असं तर-तर करत बसलं तर माणसाने जगायचं कसं! रोज खाली उतरून स्विच दाबायचाय तो ऑपरेटर बून्लर्टला. तो भाताचा डबा बंद करून नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्याला पटलेलं दिसतंय.

२० ऑगस्ट
जिंकलो! बाई सही करणार. एकच अट: पॅनेल तात्पुरतं खाली बसवायचं आणि पहिला स्विच डिझाइन करणाऱ्याने स्वतः उतरून दाबायचा. मानच आहे हा. नवा शर्ट इस्त्रीला दिला.

२२ ऑगस्ट
झाकण उघडलं. बाईंनी गॅस मीटर दोरीने खाली सोडला. तो जो किंचाळायला लागला, तो थांबेचना. सगळे माझ्याकडे बघत होते. शिडीच्या दोन पायऱ्या उतरलो. तिसरीवर गुडघा धरला. गुडघाच, दुसरं काही नाही. वर आलो.

बाईंनी वीज जोडलेलीच नव्हती, हे नंतर कळलं. आधी सांगायला काय जात होतं?

मग बून्लर्टने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, साहेब, माझाही गुडघा रोज तिसऱ्या पायरीवर धरला, तर चालेल ना?

सगळे हसले. मला हसू येईना. घरी येऊन ड्रॉइंगमध्ये पॅनेल वर घेतलं, दुसऱ्या बाजूला.