लिस्बनच्या दप्तरात बाबांचं नाव

पेडणे तालुका, गोवा
१ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रचना हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

फोन करू नकोस म्हणून हे पत्र धाडतोय. हल्ली मी फोनवर बोललेलं संध्याकाळपर्यंत तिठ्यावर पोचतं. पोचवणारा पंचायतीचा कारकून रामकृष्णच, असा माझा संशय आहे. त्याच्याशी बोलणं टाकलंय.

बाळकृष्ण गावभर सांगत सुटलाय की सरपंच गणपतचा जन्म लिस्बनच्या दप्तरात नोंदलेला आहे, म्हणजे हा पोर्तुगीज. मी! तीन वर्षांपूर्वी याच कारणावरून मी त्याला सरपंचाच्या खुर्चीवरून खाली ओढला. ज्याला दोन देश, त्याच्या हाती गावाची किल्ली नको, असं भरसभेत बोललो होतो. मला यातलं काहीच ठाऊक नाही, असं तो तेव्हा छाती बडवून सांगत होता. आता माझ्यावर उलटलाय. चोराच्या उलट्या बोंबा!

येत्या तेवीस तारखेला, रविवारी, देवळात नारळावर हात ठेवून मी सांगायचं आहे की असल्या कागदावर माझी सही नाही. तसं आव्हानच दिलंय त्याने आणि मी तिथल्या तिथे हो म्हटलं. तरी एक विचारतो. गेल्या वर्षी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तू तीनचार कागदांवर माझ्या सह्या घेतल्यास. ते कसले होते गं?

जावईबापूंना नमस्कार. साईला म्हणावं, आजोबाला मराठीत दोन ओळी लिही, चुका मोजणार नाही.

तुझा बाबा

*

अल खौद, मस्कत
६ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांना रचनाचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. ते कागद व्हिसाचे होते. इकडे उन्हं आता सोसण्यासारखी झालीत. साईची परीक्षा चालू आहे, अनुप मजेत. तब्येतीला जपा.

तुमची रचना

*

पेडणे
१० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रचनास आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. वाचायला आहेच काय त्यात! शेजारणीने कढीपत्ता मागितला तरी दोन पानं लिहिणारी तू. बापावर एवढं बालंट आलं तर चार ओळींत आटोपतेस? बाळकृष्णाला एक शिवी नाही. काय झालं, कसं झालं, विचारणं नाही.

आणि व्हिसा कसला? माझा व्हिसा मी विमानात बसायच्या आधीच झाला होता. महिन्याभरात परतलो, वाढवायचा प्रश्नच नव्हता.

मनात येतंय ते लिहायला हात धजत नाही. खोटं असेल तर म्हाताऱ्याला वेड लागलं म्हण आणि चांगली दोन पानं भांड. खरं असेल तर तेवीसच्या आत कळव. देवापुढे खोटं बोलायची पाळी माझ्यावर आणू नकोस.

बाबा

*

अल खौद
१४ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा,

नारळावर हात ठेवू नका. मीच केलं.

ते लिस्बनच्या वकिलाला दिलेलं मुखत्यारपत्र होतं. गोवा मुक्त होण्याआधी जन्मलेल्याची नोंद तिकडे झाली की मुलांची होते, मग नातवंडांची. तुमच्याशिवाय माझं नाव चढत नाही, माझ्याशिवाय साईचं नाही. इथे आम्हाला एकवीस वर्षं झाली, साई तर इथेच जन्मला. तरी अनुपच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, उद्या खलास म्हटलं की तिघांनी बोचकी बांधायची. जूनपासून त्याच्या ऑफिसात दर महिन्याला कुणाची तरी खुर्ची रिकामी होतेय. मी फार घाबरले, बाबा.

तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. तुमच्या सरपंचपदाचं डोक्यातच आलं नाही, असं लिहिणार होते. तेही खोटं. आलं होतं, मी दडपलं.

देवळात सगळ्यांपुढे माझं नाव घ्या. म्हणाल तर सगळे कागद मागे घेते.

तुमची रचना

*

पेडणे
२५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रचनास,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. रविवारी देवळात गेलो, पण नारळाला हात लावला नाही. सही माझी आहे, न वाचता केली, असं सांगितलं आणि राजीनामा लिहून दिला. कागद पुढे कुणी ठेवला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. सांगितलं नाही. पुराव्याशिवाय संशय घेतला म्हणून रामकृष्णच्या घरी जाऊन माफी मागितली.

गावचा कारभार करणाऱ्याला देश एकच असावा, हे माझं मत आजही तसंच आहे. म्हणून खुर्ची सोडली. साईला कुठे कारभार करायचाय! त्याचे कागद मागे घेऊ नकोस. तुझा मात्र राग आलाय, भयंकर राग आलाय. विचारायचं होतंस गं.

काल बाळकृष्णाकडे गेलो, तीन वर्षांनी. तेव्हा तू खरं बोलत होतास का, असं विचारलं. हो म्हणाला. मग तुझ्यापुढे कागद कुणी ठेवला होता, हेही विचारलं. तो म्हणाला, आधी तू सांग.

त्याच्या बायकोने चहा केला. आम्ही दोघे बराच वेळ बसलो. नाव त्यानेही सांगितलं नाही, मीही नाही.

आशीर्वाद आहेतच. लोभ मात्र थोडे दिवस मागू नकोस.

बाबा