मॅग्नेट कोणी बदलले?

४ नोव्हेंबर, सोमवार. माधवनगर.
दिवाळी संपली. चिवडा मऊ पडला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, काळा चष्मा आता सुटला. नको इतकं स्पष्ट दिसतंय. कोळिष्टकं, पंख्यावरची धूळ, हातावरचे डाग. मंदाला म्हटलं, "घर लय मळलंय." म्हणाली, "घर हाय तसंच हाय. डोळा तेवढा नवा हाय." बायकोला उलटं बोलायला कारण लागत नाही.

दुपारी गिटार काढली. ऑपरेशनपासून हात लावला नव्हता. खंडेनवमीला पूजेत होती तेवढीच. मांडीवर घेतली, ॲम्प्लिफायर लावला. आवाज बारीक. सर्दी झाल्यासारखा. नवीन तारा चढवल्या, तरी तेच. ॲम्प्लिफायर चांगला आहे, रेडिओ लावून बघितला.
मग काय बिघडलं?

९ नोव्हें., शनि.
पुण्याचे गोरे आले. जुन्या इलेक्ट्रिक गिटारी जमवतात. ऑगस्टमध्ये मी त्यांना फोटो पाठवले होते. मला विकायची नाही, हे आधीच दोनदा सांगितलं. एका जाणत्या माणसाने 'खरी आहे' म्हणावं, एवढंच हवं होतं. मला शिकवणाऱ्या बाबू मास्तरांनी जाताना ती मला दिली तेव्हा ऑर्केस्ट्रातले लोक हसले होते. गोल बूड, लांब दांडा, सगळी धातूची. ह्याच्यावर काय पोळ्या भाजणार का म्हणायचे. वाजली की गप्प.

गोऱ्यांनी हातात पांढरे मोजे घातले. हा डॉक्टर की चोर, कळेना. पण माणसाला माहिती आहे हे कबूल. म्हणाले, पूर्वी बँडमध्ये पितळी वाद्यं आणि ड्रमपुढे गिटार ऐकूच यायची नाही. मग कोणीतरी तारांखाली कॉइल ठेवलं, वर घोड्याच्या नालासारखे दोन मॅग्नेट बसवले आणि त्यांच्या बोगद्यातून तारा नेल्या. तार हलली की विजेत आवाज. आणि ती पहिली इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवायची नव्हतीच, अशी मांडीवर आडवी घ्यायची होती. आज पोरं गळ्यात घालून नाचतात त्या सगळ्या हिच्या नाती. मला भरून आलं. इतक्या वर्षांत हिच्याबद्दल कोणी असं बोललं नव्हतं.

मग त्यांनी मापपट्टी काढली. मॅग्नेट रुंद, म्हणजे महायुद्धाच्या आधीची. नंतरचे अरुंद असतात. मी खूश. आणि मग त्यांचा चेहरा बदलला. मोबाईलवर माझाच ऑगस्टचा फोटो काढून दाखवला. त्यात मॅग्नेट काळपट, गंजाचे ठिपके. इथे आरशासारखे. खालच्या स्क्रूंवर ताजे ओरखडे.
"काका, हे उघडलंय कोणी?"
उघडलं होतं. माझ्या दोस्ताने, सदाने. सप्टेंबरात.
"हुबेहूब नकली मिळतात आता. आणि मूळचे मागणारे लोक जगभर आहेत." एवढंच बोलले. कोणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.
वर म्हणतात, "पुण्याला घेऊन जातो, नीट तपासतो." म्हटलं, चहा घ्या आणि या.

१० नोव्हें., रवि.
ह्यापुढे ह्या वहीत सदा म्हणजे स. आणि मंदा म्हणजे मं. वही कपाटात जशी ठेवतो तशी सापडत नाही, म्हणून.

मांडणी करतो. जुने मॅग्नेट कमजोर पडतात, आवाज बसतो. स. चं उंब्रजला हायवेवर दुकान. मोपेडचे मॅग्नेट चार्ज करतो, स्पीकर दुरुस्त करतो. दोन जाड कॉइलींच्या मधे मॅग्नेट धरायचा, बॅटरीचा एक झटका द्यायचा. गिटारचेही तोच चार्ज करत आलाय, तीन-चार वर्षांतून एकदा. गोरे येणार म्हणून सप्टेंबरात मी ती त्याच्याकडे दिली. तीन आठवडे ठेवली. पूर्वी दोन दिवसांत द्यायचा! आणून दिली ती नेमकी मी ऑपरेशनला दवाखान्यात होतो त्या दिवशी. मं. ने घेतली. मी वाजवून बघितली नाही. बघायला डोळाच नव्हता.
तीन आठवडे का?

स. आणि मी चाळीस वर्षं. ऑर्केस्ट्रात मी गिटार, तो साउंड. साताऱ्याच्या एका गणपतीत पावसात वायर पेटली तेव्हा त्याने उघड्या हाताने ओढून काढली. तळव्यावर अजून पांढरा पट्टा आहे. माझ्या ॲम्प्लिफायरची वायर होती ती. हे आठवलं की वाटतं, छे. मग आरशासारखे मॅग्नेट बघतो की वाटतं, का नाही?

१२ नोव्हें., मंगळ.
स. ला फोन. मागे प्रचाराचे भोंगे कोकलत होते, निवडणुकीची कामं आलीत त्याच्याकडे.
म्हटलं, "सप्टेंबरात मॅग्नेटचं काय केलंस रं?"
"चार्ज केलं, दिलं. का?"
"तीन आठवडे लागले?"
जरा थांबला. "कॉइल जळली हुती माजी. कोल्लापूरनं तार आणली."
का थांबला? खरं बोलणारा माणूस थांबत नाही. भोंग्यामुळे ऐकू आलं नसेल असं मं. म्हणते. मं. ला त्याचा भारी पुळका.

१३ नोव्हें.
गिटार कपाटात कुलूप लावून ठेवली. किल्ली खिशात. आता कुलूप लावून काय उपयोग, हे मलाही कळतं.

१५ नोव्हें., शुक्र.
न राहवून सकाळच्या सातारा गाडीने उंब्रजला. गिटार मांडीवर. कराडपर्यंत रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, गाडी मुंगीच्या पावलाने. तेवढ्या वेळात काय काय बोलायचं ते तीनदा पाठ केलं आणि दुकानात गेल्यावर सगळं विसरलो.

स. हसत उठला. "ये की! डोळा दावायला आलास व्हय? बस, चा सांगतो."
मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "मूळचे मॅग्नेट कुठे आहेत?"
त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहरा असा झाला की मी आयुष्यात विसरणार नाही. पण त्या वेळी मला वाटलं, पकडला गेला.
"मी बदलल्यात म्हणतुयास?"
"कोण मग? तुझ्याशिवाय कोणी उघडत नाही."
"चाळीस वर्सं तुज्या तारा जोडल्या. येक वायर तरी कवा कमी आली का, सांग."
गिटार पुढे केली, म्हटलं उघडून दाखव. हात मागे घेतला त्याने. "आता मी हात लावणार न्हाई. उद्या म्हणशील, परत बदललं."
चहा आला होता. कोणीच घेतला नाही.
गाडीत बसेपर्यंत मी बरोबर होतो. गाडी सुटल्यावर जरा वेळ नव्हतो. पेठ नाक्याला पुन्हा बरोबर झालो.

१६ नोव्हें.
जुन्या ऑर्केस्ट्राचा मोबाईलवर ग्रुप आहे, एकोणीस जण. तिथे लिहिलं. नाव न घेता. 'आपल्यातल्याच एका माणसाने बाबू मास्तरांच्या गिटारचे मॅग्नेट बदलले.' मॅग्नेट कोण चार्ज करतं ते सगळ्यांना माहीत आहे. दोन अंगठे आले. एकाने हात जोडले. बाकी चिडीचूप.
संध्याकाळी: स. ग्रुपमधून बाहेर पडला.
मला बरं वाटलं. लिहितो ते खरं लिहितो.

१८ नोव्हें., सोम.
मं. दोन दिवस गप्प. भाजी खारट. विचारलं तर "काय न्हाई." काहीतरी मुरतंय इथे. स. ने तिला फोन केला असेल. ती त्याची लाडकी वहिनी ना!

१९ नोव्हें., मंगळ.
कसं लिहू.
जेवायला बसलो होतो. मी म्हणालो, स. च्या दुकानाविरुद्ध तक्रार कुठे करायची ते बघतो. मं. ने पोळी तव्यावर तशीच सोडली.
"आवं, मीच काढलं हुतं ते."
"काय?"
"मॅग्नेट. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. समद्या हत्यारांची पूजा, विळी, कातर, मशीन, समदं घासलं. तुमची गिटार तेवढी गंजलेली ठेवायची का द्येवापुढं? खालनं दोन स्क्रू हुतं. काढलं, चिंचेनं घासलं, कोरडं करून बसवलं. तुमच्या डोळ्यावर काळा चष्मा, तुमाला काय दिसतंय."
"आणि मला सांगितलं नाहीस?"
"सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. मग तुमी सदाभावजींचं नाव घ्याया लागला, आन मला... भ्या वाटलं."
पोळी जळाली. दोघंही तिच्याकडे बघत बसलो.

मी ओरडलो नाही. ओरडायला तोंडच उरलं नाही.

२० नोव्हें.
मतदान करून आलो. मग पाटावर गिटार घेतली, स्क्रू काढले. मं. समोर बसून तेव्हा कसं बसवलं ते दाखवत होती. तिच्या शिवणाची सुई एका मॅग्नेटवर घासली, दोऱ्याला बांधून दोन्हीजवळ नेली; टोक एकाकडे ओढलं, दुसऱ्यापासून पळालं. एक उलटा बसला होता. दोघं एकमेकांची ताकद खात होते, तारांपर्यंत काही पोचतच नव्हतं. तो फिरवला. वाजवायची पोलादी दांडी तारेवर ठेवली, छेडलं.
आला. तोच तो. भरलेला, ओला, दाराबाहेर जाणारा आवाज. मं. ला रडू आलं. मलाही.
उलटा राहिलेला मॅग्नेट थोडा मार खाल्लेला वाटतो. खालच्या तारांचा आवाज अजून दबलेला.

रेकॉर्ड करून गोऱ्यांना पाठवलं, झालेलं सगळं सांगितलं. तासाभरात फोन: "काका, हाच तो आवाज. शंकाच नाही, मूळची आहे." हे ऐकण्यासाठी अर्धं आयुष्य थांबलो होतो. फोन ठेवला आणि पहिल्यांदा सदाला सांगावंसं वाटलं. बोट त्याच्या नावावर गेलं आणि तिथेच राहिलं.

२१ नोव्हें., गुरु.
ग्रुपवर लिहिलं. 'माझी चूक. सदाचा काही दोष नाही. घरातच मॅग्नेट उलटा बसला होता.' चिंचेचं लिहिलं नाही, मं. ची अब्रू. पाच अंगठे. पण ज्याने वाचायला हवं तो ग्रुपमध्ये नाही.
फोन केला. वाजून वाजून बंद. चार वेळा.

२५ नोव्हें., सोम.
पुन्हा उंब्रज. दुकान बंद, म्हणून घरी गेलो. शालनवहिनी दारात. आत या म्हणाल्या नाहीत.
"ते न्हाईत घरी. पंप बघाय गेल्यात."
उंबऱ्याजवळ त्याच्या चपला होत्या. अंगठा तुटून तारेने बांधलेल्या, दुसऱ्या कोणाच्या असणार?
मीही बघितल्या, वहिनींनीही मला बघताना बघितलं.
म्हटलं, "वहिनी, चूक झाली म्हणून सांगा. लय मोठी." मग मोठ्याने म्हणालो, आत ऐकू जाईल असं, "एक मॅग्नेट उतरलाय. चार्ज करायला ठेवून जातो. त्याच्याशिवाय कोणाला देणार?"
गिटार ओट्यावर ठेवली आणि निघालो.

खरं लिहायचं तर कराड येईपर्यंत तीनदा मनात आलं, उतरावं आणि जाऊन घेऊन यावी. ओट्यावर, कापडात, कोणीही उचलेल. आणि एकदा, एकदाच, तेही आलं: रागाच्या भरात त्याने खरोखरच बदलले तर? असं मन असलेल्या माझ्याबरोबर चाळीस वर्षं सदाने कशी काढली असतील!

२९ नोव्हें.
फोन नाही. मं. म्हणते, तुमी आता करू नका. त्यास्नी करू द्या.

३ डिसेंबर, मंगळ.
दुपारी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरचा फोन, कॉलेज कॉर्नरला या, उंब्रजहून पार्सल आहे. रिक्षाने गेलो. गिटार. माझ्या कापडात नाही, नव्या खाकी पोत्यात, दोरीच्या चार गाठी. गाठी सदाच्याच, वायर बांधतो तशा.
दोरीत चिठ्ठी खोचलेली. बॉलपेन, मोठी अक्षरं.
'चार्ज केलंय. तपासून घे.'
मं. म्हणाली, "बगा, काम तर केलं. राग गेला त्यांचा." असेल. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला माल देताना तो हेच म्हणतो, मी शंभरदा ऐकलंय. मला कधी म्हणाला नव्हता.
संध्याकाळ होत आली. पोतं टेबलावर आहे. एकही गाठ सोडलेली नाही.