गळ्याशी उसवलेला सदरा

मी, डोरोथेआ लिंडनर, वय सदुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार ग्र्युनबाख, सॅक्सनी, गुडघे सोडले तर सर्व बाजूंनी धड असून, कुणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहिते.

१. घर व कोबीचा वाफा गावच्या शाळेस द्यावा. छप्पर गळते, हे त्यांना आधी सांगू नये.

२. मोठी कात्री शेजारीण उर्सुला हिला. तिने चौदा वर्षांपूर्वी मागितली तेव्हा मी दिली नाही. तिचा हात वाकडा चालतो, हे माझे मत कायम आहे.

३. माझा मरणाचा सदरा, पुरताना अंगात घालायचा. आमच्याकडे बाई तो स्वतः शिवते आणि दोऱ्याला गाठ मारत नाही, नाहीतर जीव अडकतो म्हणतात. माझ्या सदऱ्याला अकरा हिवाळे लागले. मागच्या महिन्यात तो मी पाद्री योआखिम यांना दाखवला आणि म्हटले, "हा घालून देवापुढे ताठ उभी राहीन."

ते म्हणाले, "सुंदर आहे, डोरोथेआबाई. पण तिथं आपलं शिवलेलं चालत नाही. नीतिमत्त्वाचा झगा ख्रिस्तच आपल्या अंगावर घालतो. विश्वासानं घ्यायचा, फुकट."

"आमच्या दारुड्या माथेसलाही तोच?"

"त्यालाही."

"मापं न घेता?"

मी त्यांना दार दाखवले.

४. माथेस माझा धाकटा भाऊ. आईने नाताळसाठी पोसलेले डुक्कर त्याने गुत्त्यावर नेऊन मित्रांना खाऊ घातले. तेव्हापासून एकतीस वर्षे मी त्याच्याशी बोलले नाही. पाद्री गेल्यावर आठवड्याने मला ताप भरला, अंथरुणात सगळे घाण झाले. माथेस आला. कुणी बोलावला नव्हता. त्याने मला पुसले, अंगातला सदरा काढून मला घातला आणि स्वतः उघडा बसला. सदऱ्याला बिअरचा वास होता, गळ्याशी उसवलेला होता.

"माथ्या, मी तुझ्यासाठी काय केलंय रे?" मी विचारले.

"काही नाही, ताई. हात वर कर."

मी हात वर केला. त्या दिवशी मला फार रडू आले, हे इथे नोंदवते.

५. म्हणून मला माथेसच्याच सदऱ्यात पुरावे. उसवलेले कुणी शिवू नये, उर्सुलाने तर नाहीच. माझा सदरा माथेसला द्यावा. "दारू सोडल्यास" हे शब्द मी खोडले आहेत. खाली वाचता येतात, तरी वाचू नयेत.

साक्षीदार: पाद्री योआखिम क्रामर (समेट झाला आहे), हान्स बेक, सुतार.

माथेसलाही सही करायची होती. ज्याला मिळायचे त्याची साक्ष चालत नाही, असे त्याला सांगितले. त्याने नुसते घ्यायचे आहे. जड जाते, पण मलाही तेवढेच करायचे आहे.

सही: डोरोथेआ लिंडनर
ग्र्युनबाख, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारानंतरचा मंगळवार, सन १५८७