डाव्या बाजूचे ओरखडे

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, तूही असशील. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि त्याहून जास्त बाबा. दुकानात कामाचा ढीग आहे. बंदुका दुरुस्त करायला बाई बसलेली दिसली, की गिऱ्हाईक अजूनही आधी विचारतं, "साहेब कुठे गेलेत?"

लिहायचं कारण म्हणजे, बाबांनी त्यांचं स्पर्धेचं पिस्तूल माझ्याकडे दिलं. म्हणाले, "एवढे ओरखडे घालव, मग तुझ्या नावावर करू. त्याला कशाची किंमतच नव्हती." 'त्याला' म्हणजे कुणाला, हे तुला सांगायला नको.

रिकामं असल्याची खात्री केली, सुटं केलं. उजव्या बाजूचे किरकोळ चरे तासाभरात गेले. स्टेनलेस स्टीलवर कारखान्यातूनच बारीक सरळ रेघा असतात. पॉलिश पेपर लाकडाच्या सपाट तुकड्याला गुंडाळायचा, तेल लावायचं आणि त्या रेघांच्याच दिशेने घासायचं. गोल फिरवलं की काम बिघडलंच.

डावी बाजू भिंगाखाली धरली आणि माझा हात थांबला. पिस्तूल आपटलं तर एखादा खोल चरा पडतो, कडेला पोचा येतो. इथे नुसती गोल गोल वर्तुळं.

दादा, ती भांड्यांच्या घासणीची आहेत. मी घासलं होतं. त्या दिवशी बाबा पिस्तुलाची सफाई अर्धवट टाकून दारात कुणाशी तरी बोलत होते. दुसऱ्या दिवशी त्यांची स्पर्धा, म्हटलं चकचकीत करून देऊ. दहा वर्षांची होते मी. "तूच पाडलंस" म्हणून बाबांनी तुला धरलं, तू "मी हातही लावला नाही" असं ओरडत मार खाल्लास, आणि मी मोरीत घासणी धूत उभी होते. मग तू नेमबाजी सोडलीस, मग घर. नंतर वाटायचं, आता सांगून काय उपयोग. खरं सांगायचं तर मी घाबरट होते.

अर्ध्या तासात ते ओरखडे गेले असते. पुरावाही गेला असता. मी पेपर खाली ठेवला, बाबांच्या हातात भिंग दिलं आणि सगळं सांगितलं.

बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे पोरगं खरं बोलत होतं." समोरचा चहा निवून गेला. उठताना म्हणाले, "डावी बाजू राहू दे. त्याने बघितल्याशिवाय हात लावू नकोस."

तशीच ठेवली आहे. तू ये. शिव्या घालायला आलास तरी चालेल. सकाळपासून बाबांनी दोनदा विचारलं, "पत्र टाकलंस का?"

बावीस वर्षं उशिरा बोललेली,
तुझी धाकटी