अष्टमीच्या कबरस्तानातले पांढरे दगड

मी, अफान युसूफ करजीकर, वय बावीस, राहणार अष्टमी, तालुका रोहा, हे मृत्युपत्र माझ्या मनाने लिहितोय. कुणी लिहायला लावलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. हार्टचा वॉल्व्ह मात्र ठिकाणावर नाही. येत्या गुरुवारी मुंबईला ऑपरेशन आहे. शाळा कुवेतला इंग्लिश मीडियममध्ये झाली, नव्वदच्या लढाईत इकडे आलो, त्यामुळे लिहिण्यातल्या चुका चालवून घ्या. बाकीच्या चुका खाली येतायत.

१. शरीयतीप्रमाणे माझ्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्याचंच मी ठरवू शकतो. बाकी अम्मी-अब्बांचं. अम्मी, सायकल विकू नकोस असं लिहिणार होतो, पण तो तुझा हक्क.

२. माझा मायक्रोस्कोप रविवारच्या क्लासला. मशिदीशेजारच्या खोलीत मी मुलांना इस्लामची हिस्टरी आणि पर्यावरण एकत्र शिकवायचो. वाहत्या नदीवर वुजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुतानासुद्धा, पाणी जास्त वापरायचं नाही, हे सांगून त्यांना कुंडलिका नदीवर न्यायचो आणि तेच पाणी काचेखाली दाखवायचो. क्लास बंद करू नका.

३. नर्सरीवाल्या कमळाकरकाकांची कुदळ त्यांना परत. जुलैत त्यांनी चाळीस रोपं फुकट दिली. कयामत आली तरी हातातलं रोप लावून टाका, ही पैगंबरसाहेबांची हदीस मी तीन रविवार शिकवली होती. मग मुलांना घेऊन कबरस्तान साफ केलं. गवत काढलं, रोपं लावली, आणि तिथले दगड गोळा करून, चुना लावून, प्रत्येक रोपाभोवती गोल मांडले. काका म्हणालेले, "दगड इचारून उचल रं बाबा." मी म्हणालो, "काका, दगडच आहेत."

४. ते दगड कबरींच्या खुणा होत्या. आमच्या इथे कबरीवर नाव नसतं. ज्याचा दगड त्याच्या घरच्यांना माहीत. मी बाहेरून आलेला, मला कोण सांगणार, असं म्हणून सुटता येत नाही. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं.

५. शेजारच्या नूरबानोचाचीची उमामा चार वर्षांची असताना तापाने गेली. बायका आत जात नाहीत. चाची कबरस्तानाच्या दगडी गडग्याबाहेर उभी राहून तिचा काळा दगड बघायची आणि दुआ मागायची. डिसेंबरात उमामाचे वडील अब्बासचाचा दोह्याहून रजेवर आले, आत गेले, बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "सगळे पांढरे हायत."

चाची गडग्यापलीकडून मला म्हणाली, "झाडं लावलीस, बरं केलंस रे. आता माझी पोर कुठं हाय, ती सांग."

मी चुना खरवडून एकेक दगड तिला दाखवायला लागलो. वीस झाडांभोवती नऊ काळे निघाले. "ह्यो असंल," म्हणायची, आणि मग, "नाय, ह्यो नाय." दगड मिळाला तरी जागा मिळणार नाही, हे तिलाही माहीत होतं. विसाव्या झाडापाशी मला दम लागून मी खाली बसलो. वॉल्व्हचं कळलं ते त्यानंतर.

६. माझं हिस्टरीचं पुस्तक पुढच्या टीचरला. पैगंबरसाहेबांनी एका साथीदाराच्या कबरीच्या डोक्याशी स्वतः दगड आणून ठेवला, ओळख राहावी म्हणून, ते त्यात बेचाळिसाव्या पानावर आहे. ते पान मी सोडून दिलं होतं. त्यात झाड नव्हतं. तुम्ही आधी ते शिकवा.

७. मला काही झालं तर माझ्यासाठी दगड नदीतला आणा. कबरस्तानातला एकही माझ्यावर ठेवू नका.

८. नूरबानोचाचीला काहीच देत नाही. तिला द्यायचं ते माझ्याकडे नाही. साक्षीला मात्र तिलाच बोलावलं, कारण जाण्याआधी माफी मागायची होती. तिने हे सगळं माझ्याकडून वाचून घेतलं. मी म्हणालो, "चाची, माफ कर."

ती म्हणाली, "अंगठा देते. माफीचं आता नाय. परत ये आधी, वीस झाडं राह्यलीत."

तिचं बोलणं तिच्यासमोरच लिहिलं आणि खाली सही केली.

अफान युसूफ करजीकर (सही)

साक्षीदार:
कमळाकर महिपती ठाकूर (सही)
नूरबानो अब्बास मुकादम (डाव्या हाताचा अंगठा)

अष्टमी, रविवार, १४ जानेवारी १९९६